पितळी पुंगळ्यांची पानगळ

मक्याची शेतं कापून झाली की गोळीबाराचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. उन्हाळ्यातही नेमबाजीच्या रेंजवर लोक येतातच, पण तेव्हा मध्ये डोक्याच्या वर गेलेला मका उभा असतो, झाडं पानांनी भरलेली असतात, आणि आवाज त्या हिरव्यात कुठेतरी जिरून जातो. मग ऑक्टोबर सरताना कापणीची अवजड यंत्रं धुरळा उडवत फिरतात, बघता बघता रान बोडकं होतं, मेपलही झडतात. एखाद्या शनिवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत असते आणि पश्चिमेकडून पहिला ठोका येतो. ठप्प. जरा थांबून आणखी एक. आमचं घर अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या बाहेर, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे आहे. पाहुणे आलेले असले तर दचकतात. मी सांगते, घाबरू नका, कागदावर मारताहेत.

विलास, माझा नवरा, खिडकीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला असतो. पार्किन्सनने त्याचा चेहरा हल्ली फारसं काही सांगत नाही. पण तो ठोका आला की त्याची मान जराशी त्या दिशेला वळते. मी काही विचारत नाही. एका पानगळीबद्दल आम्ही दोघं बरीच वर्षं एकमेकांना काही विचारत नव्हतो.

आमची एकुलती एक मुलगी संघमित्रा. घरात आणि शाळेत मित्रा. इथेच जन्मली, इथेच वाढली, आमच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं देत मोठी झाली. हायस्कूलला गेल्यावर एका मैत्रिणीबरोबर गावाबाहेरच्या रायफल क्लबात जाऊन आली आणि जेवायच्या टेबलावर जाहीर केलं, "आय वॉन्ट टू डू धिस." मी नाशिकची. बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावरची, एवढीच माझी ओळख. माझा घास हातातच राहिला. "आई, इट्स अ स्पोर्ट," ती म्हणाली. "यू लाय डाउन, यू ब्रीद, अँड यू ट्राय नॉट टू मूव्ह. दॅट्स इट."

विलासने तिला नाही म्हटलं नाही. तो नागपूरचा, इथल्या इस्पितळात फार्मासिस्ट. नीटनेटका, मोजका, थोडा हट्टी माणूस. महिन्यातून एकदा आम्ही बौद्ध मंडळी कुणाच्या तरी घरी वंदनेला जमतो. तिथे ही बातमी पोचली तेव्हा एक काकू कुकरची शिट्टी काढता काढता म्हणाल्या, "काय हो विलासभाऊ, बौद्धाच्या घरात बंदूक? पहिलंच शील मोडायला निघालात का?"

"वहिनी, कागदाला भोक पाडते पोरगी, जिवाला नाही," विलास म्हणाला. आणि तो ते तंतोतंत पाळत आला. नोव्हेंबरात आमचा अर्धा रस्ता नारिंगी जाकिटं घालून हरणांच्या शिकारीला जातो. शेजारच्या डेलने एकदा फार प्रेमाने बोलावलं होतं. विलास हात जोडून हसला होता, "ओन्ली पेपर, डेल. ओन्ली पेपर."

हे डेल निवृत्त शाळामास्तर. दुकानातली काडतुसं महाग, आणि त्या काळात तर कित्येकदा मिळतच नसत. सरावाला ती भरपूर लागतात. डेल स्वतःची घरीच भरायचे. गोळी सुटल्यावर पितळेची पुंगळी मागे उरते. ती साफ करायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, आत दारू भरायची, तोंडाशी नवी गोळी बसवायची, की झालं काडतूस तयार. स्वस्तात पडतं, आणि सगळी एकसारखी भरली तर नेमही चांगला लागतो. डेलची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आपला हातदाब्याचा प्रेस आमच्या तळघरात आणून टेबलाला पक्का बसवून दिला. "तू औषधं तोलतोस ना? मग हे तुला जमेल," ते विलासला म्हणाले. दारू ग्रेनमध्ये तोलतात हे ऐकून विलासला इतका आनंद झाला, की त्याने मला स्वयंपाकघरातून खाली बोलावून सांगितलं, "अगं, ग्रेन! औषधांचं जुनं माप. कॉलेजात पाठ केलं होतं, जन्मात कधी वापरायला मिळालं नव्हतं."

मग आमच्या घराला त्या कामाचा आवाज आणि वास लागला. पुंगळ्या उजळायचं एक यंत्र होतं. त्यात मक्याच्या कणसांचा भुगा घालायचा, त्यात पुंगळ्या टाकायच्या आणि चालू करून सोडून द्यायचं. वर मी टीव्ही बघत असले की पायाखाली त्याची घरघर लागायची, जणू घराच्या पोटात कुणी तरी जात्यावर दळतंय. बाहेर निघालेल्या पुंगळ्या माझ्या आईने चिंच लावून घासलेल्या तांब्यांसारख्या लखलखीत असायच्या. मित्रा त्यांची रास पसरट ताटलीत ओतायची. तो आवाज मला फार आवडायचा. नथीतले मोती, देवळातली घंटा, असलं काही नाही. सरळ पितळेचा, भरघोस, खणखणीत आवाज.

शनिवारी दुपारी दोघं खाली बसत. डेलचा एक नियम विलासने जसाच्या तसा उचलला होता: एकाने भरायचं, दुसऱ्याने बघायचं. भोकाभोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करायच्या, विलासने काट्यावर दारू तोलून नरसाळ्यातून एकेकीत सोडायची, आणि सगळ्या भरून झाल्या की मित्राने टॉर्च घेऊन वरून प्रत्येकीत डोकवायचं. सगळीकडे दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. एक जरी जास्त भरली गेली, एक जरी कोरी राहिली, तरी धोका. त्या वेळी रेडिओ बंद, फोन बंद, मला खाली यायला मनाई. "पाहिलं?" तो मराठीत विचारायचा. "पाहिलं," ती मराठीत सांगायची. त्या वयात तिच्या तोंडून मराठी ऐकायला मिळायचं ते बहुतेक तेवढंच. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चहाचे कप घेऊन थांबायचे आणि तो एक शब्द ऐकून मगच खाली उतरायचे.

आज वाटतं, बाप-लेकीचं सगळं बोलणं त्या टेबलावर होत होतं. शाळा, मैत्रिणी, नागपूरचा उन्हाळा, आजोबांचं छापखान्यातलं काम, सगळं. तो सांगायचा, ती प्रेसचा दांडा ओढत ऐकायची. माणसाच्या हाताला काम असलं की बोलणं सोपं होतं. समोरासमोर बसवून ठेवलं असतं, तर त्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचलं नसतं.

तिचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी मी विलासला उजवा हात खिशात घालून चालताना पाहिलं. विचारलं तर म्हणाला, खांदा धरलाय. भर उन्हाळ्यात घरातल्या घरात खिशात हात. मी तेल चोळून दिलं, त्याने ते चोळून घेतलं. गुरुवारी त्याची सुट्टी असायची. सप्टेंबरात त्याने मित्राला सांगून टाकलं, "तुझा अभ्यास असतो, कॉलेजचे अर्ज आहेत. मी गुरुवारी एकटाच भरून ठेवत जाईन."

"ओके," ती म्हणाली. तिने वाद घातला नाही. गुरुवारी तिला शाळेनंतर कसला तरी क्लास लागला होता, म्हणजे ती तसं म्हणाली होती. त्यामुळे घर रिकामंच असायचं.

पानगळीतली शेवटची मोठी स्पर्धा जवळ आली होती. तिच्या आधीच्या शनिवारी सरावाला मीही गेले, थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन. कापलेल्या शेतांवर पांढरं दंव होतं. मातीच्या उंच बांधासमोर टार्गेटं लावलेली, आणि अलीकडे सतरंज्यांसारख्या मॅटवर पालथी पडलेली माणसं. मित्राचा गाल रायफलीच्या लाकडाला टेकलेला. तिची रायफल प्रत्येक वेळी बाजूचा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढून भरायची. कानावर आवाज दाबणारी जाड कवचं असली तरी प्रत्येक बार छातीत जाणवायचा. विलास तिच्या मागे, लाल रेषेच्या बाहेर, दुर्बीण घेऊन स्टुलावर बसला होता. उजवा हात खिशात.

ती मारत होती. धाड. थांबा. धाड. थांबा. मग एकदा धाड झालंच नाही. नुसतं फुस्स. सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसं काहीतरी.

शेजारी दहाबारा रायफली वाजत होत्या. मला तर ते ऐकूही आलं नसतं. मी तिच्याकडे बघत होते म्हणून तेवढं कळलं. तिचा हात सवयीने बोल्टकडे गेला, पुढचं काडतूस भरायला. तो हात तिथेच थांबला. मग तिने तोच हात वर केला आणि जोरात ओरडली, "सीझ फायर!"

सगळी रेंज एकदम गप्प झाली. लाल जाकीट घातलेल्या देखरेखीच्या बाई चालत आल्या. त्यांनी रायफल रिकामी केली, नळीत तोंडाकडून एक लांब सळई घातली. सळई पार जायला हवी होती. ती मध्येच अडली. गोळी नळीत अडकून बसली होती. त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी पुढे सरकून थांबली होती. मित्राने सवयीने दुसरं काडतूस भरून चाप ओढला असता, तर तिच्या गालाजवळच ती नळी फुटली असती. बाई हे सगळं शांतपणे, शिकवल्यासारखं सांगत होत्या. शेवटी त्यांनी मित्राच्या पाठीवर हात ठेवला. "हू लोडेड दीज?"

"आय डिड," विलास म्हणाला. तो स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

परतताना गाडी मी चालवली. दोन्ही बाजूंनी मोकळी शेतं सरकत होती. मग मागच्या सीटवरून मित्रा पुढे वाकली.

"बाबा, शो मी युवर हँड."

"कशाला?"

"उजवा. प्लीज."

त्याने हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होते, आपोआप, न थांबता. जुन्या काळी वैद्य औषधाची गोळी वळायचे तसे. मी रस्त्यावरून नजर काढू शकत नव्हते, तरी मला ते दिसलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. वाटलं, थकव्याने असेल." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "परवा एक पुंगळी भरताना हात हलला आणि दारू टेबलावर सांडली. ती गोळा करण्यात माझं लक्ष गेलं. बहुतेक तीच राहिली. टॉर्च मारला होता मी. पण मन त्या सांडलेल्यातच होतं."

आरशात मला मित्रा दिसत होती. ती सीटला पाठ टेकून खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी दोघांनी त्या गुरुवारची उरलेली सगळी काडतुसं उघडली. त्यासाठी एक पोकळ डोक्याचा हातोडा मिळतो. त्यात काडतूस अडकवून आपटायचं, की गोळी आणि दारू सुटी होते. मी वर होते. दुपारभर ठक, ठक, ठक. बाकी सगळीच्या सगळी बरोबर भरलेली निघाली. वर आल्यावर विलासने मला ते सांगितलं, आणि त्यात कसलंही समाधान नव्हतं.

त्यानंतर तपासण्या झाल्या, दुखण्याला नाव मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. इस्पितळात त्याने स्वतःहून वरिष्ठांना सांगितलं आणि औषधं तयार करायच्या कामातून बाजूला होऊन कागदपत्रांच्या टेबलावर गेला. हे सगळं त्याने अगदी नीट, वेळच्या वेळी केलं. फक्त तळघरात तो पुन्हा उतरला नाही. मित्राने एकदा विचारलं होतं, मला आठवतंय, डायनिंग टेबलापाशी उभी राहून: "बाबा, मी भरते, तू बघ. स्विच करू या."

"नको. बास झालं ते."

"मग विकतची आणू?"

"तुला हवी तर आण."

"फाइन," ती म्हणाली.

ती त्या स्पर्धेला गेली नाही. नंतरच्या कुठल्याच गेली नाही. रायफल क्लबातल्या एका मुलीला दिली. प्रेस डेल परत घेईनात, म्हणून तो एका खोक्यात गेला. वसंतात तिला ॲरिझोनातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मिशिगनमध्ये एवढी चांगली युनिव्हर्सिटी दारात असताना ती वाळवंटात निघून गेली. आता तिकडेच पाणीपुरवठ्याच्या कामात इंजिनियर आहे. दर रविवारी फोन येतो. विलास विचारतो, गाडीचे टायर बदललेस का. ती विचारते, गोळ्या वेळेवर घेतोस का. मग फोन माझ्याकडे.

मी बरीच वर्षं असं समजत होते की हे सगळं दुखण्याने केलं. दुखण्याने पुष्कळ नेलं, खोटं नाही. त्याची सही नेली, शर्टाची बटणं नेली, चमच्यातलं वरण नेलं. पण त्या टेबलावरचं बोलणं दुखण्याने नेलं नव्हतं, हे मला यंदा कळलं.

या ऑक्टोबरात मित्रा आठवडाभर आली होती. अंगणात पानं साचली होती. ती दाताळं घेऊन ओढत होती, मी पोत्यांची तोंडं धरून उभी होते. तेवढ्यात रेंजवरून आवाज आला. ती थांबली. तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला पांढरा होऊ लागलेला एक केस मला तेव्हा दिसला.

"आई," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाबाचा हात. आय न्यू. जुलैमध्येच. प्रायमर तो डाव्या हाताने उचलायला लागला होता आणि उजवा टेबलाखाली ठेवायचा. तो इतकं केअरफुली लपवत होता ना, की मला वाटलं, मी पाहिलंय हे त्याला कळलं तर त्याला कसंतरी होईल. मग तो म्हणाला गुरुवारी एकटा भरतो, तर मी ओके म्हटलं."

"तुझा क्लास होता गुरुवारी."

तिने मान हलवली. "क्लास नव्हता. मी लायब्ररीत बसायचे. त्याला घर रिकामं मिळावं म्हणून."

मी पोतं खाली ठेवलं. मी विचारलं, "आणि गाडीतून आलो त्या दिवसापासून तू गप्पच झालीस. ते का मग?"

"बघणं माझं काम होतं, आई. इट वॉज माय जॉब. मी टॉर्च मारला असता तर ती एक दिसली असती. मी त्याला एकटं सोडलं, आणि त्याला वाटतंय सगळं त्याच्यामुळे झालं. व्हॉट वॉज आय सपोज्ड टू से?" ती पुन्हा पानं ओढू लागली. "त्याने मला नको म्हटलं, तेव्हा मला वाटलं, मी त्याला मुद्दाम एकटं सोडलं हे त्याला कळलंय."

एकमेकांची लाज राखण्यासाठी दोघंही त्या टेबलापासून उठून गेले होते. तो तिच्यापासून हात लपवत होता, ती त्याच्यापासून आपलं बघणं लपवत होती, आणि मध्ये ती एक कोरी पुंगळी राहून गेली. रागाने काही बिघडलं असतं, तर ते भांडून तरी निस्तरता आलं असतं. हे सगळं मायेने बिघडलं होतं, त्यामुळे त्याला हात कुठून घालायचा तेच कुणाला कळलं नाही.

ती परत गेल्यावर मी दोन दिवस गप्प बसले. दुपारच्या गोळीनंतर विलासला तासभर जरा बरं असतं. त्या वेळी मी त्याच्यापाशी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. जुलै, डावा हात, लायब्ररी. सांगून झाल्यावर त्याची मान खिडकीकडे वळली. मग म्हणाला, "म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती."

"नाही."

"मला वाटायचं, मी तिच्या जिवावर उठलो म्हणून ती लांब गेली."

मग त्याने हाताच्या खुणेने फोन मागितला. ॲरिझोनात तेव्हा सकाळ संपत आली होती, ती कामावर होती, तरी तिने उचलला. आठवड्याच्या मध्ये बाबाचा फोन, ती घाबरली असणार. "बाबा? व्हॉट हॅपन्ड?"

तो बोलला. पण त्याचा आवाज अलीकडे फार बारीक झालाय, शेजारी बसलेल्या मलाही कधी कधी कान द्यावा लागतो. पलीकडे काही पोचलं नाही. "बाबा, आय कान्ट हिअर यू. इज आई देअर?" मी फोन घ्यायला हात पुढे केला. त्याने तो माझ्यापासून दूर धरला. फोन त्याच्या मुठीत थडथडत होता. त्याने पोटातून श्वास भरून घेतला आणि एकेक शब्द ढकलत म्हणाला, "मित्रा, तुझं काही चुकलं नव्हतं."

पलीकडून तिचा आवाज आला, मराठीत. "तुझंही नाही, बाबा."

नंतर ते हवेबद्दल बोलले. तिकडे अजून पंखे चालू आहेत, इकडे पहिलं बर्फ येऊ घातलंय. तिला मीटिंग होती, तिने फोन ठेवला.

एवढंच होतं ते. एका वाक्यात बसलं, आणि त्याच्या आताच्या आवाजातही मावलं. त्या पानगळीत तर त्याचा आवाज चांगला खणखणीत होता.